वाट लागते ती थांबल्यावर

‘वाट लागणे’ या शब्दप्रयोगाचा अर्थ खरं तर ‘रस्ता सापडणे’ असा व्हायला हवा होता. मराठीत तो सत्यानाश होणे असा आहे. कुणाच्या वाटेला जाऊ नये, आडवाटेला लागू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. प्रवाशाला लुटणाऱ्यासाठी आपल्याकडे ‘वाटमाऱ्या’ हा खास शब्द आहे. रात्रभर एकाच जागी गोल गोल फिरवणाऱ्या शक्तीसाठीही आहे: चकवा. घराबद्दल आपली भाषा फार तर कुरकुरते, वाटेला मात्र ती सरळ घाबरते.

आणि तरीही आपले भयपट घडतात ते घरातच. वाडा, माजघर, कुलूप लावलेली खोली, परसातली विहीर. ‘लपाछपी’ उसाच्या फडातल्या घरात घडला, ‘तुंबाड’ पडक्या वाड्यात. दोन्ही मला आवडले. पण रस्त्याची भीती पडद्यावर मनापासून कुणी वापरली असेल तर ती अमेरिकनांनी. इतकी, की चार तरुण पोरं गाडी काढून हसत-खिदळत निघाली की प्रेक्षक खुर्चीत सावरून बसतो. असं का होतं?

ठरावीक उत्तर सगळ्यांना पाठ आहे. सुनसान रस्ता, काळोख, मोबाइलला रेंज नाही, मदतीला कुणी नाही. मला हे उत्तर पटत नाही. नुसत्या एकटेपणाने भागलं असतं तर समुद्रातली होडी आणि वाळवंटातला तंबूही तेवढेच हुकमी ठरले असते. शिवाय या प्रकारातला मी पाहिलेला सगळ्यात थंडगार चित्रपट भर दुपारी, भर गर्दीत घडतो. जॉर्ज स्लाउझर या डच दिग्दर्शकाचा ‘स्पोरलोस’, १९८८ सालचा. नावाचा अर्थ मागमूस न ठेवता. एक डच जोडपं फ्रान्समध्ये सुट्टीला निघालंय. वाटेत एका बोगद्यात पेट्रोल संपतं, आणि तो तिला तिथे सोडून पेट्रोल आणायला चालू पडतो. तिथे काही होत नाही. मग ते हायवेलगतच्या एका मोठ्या पंपावर थांबतात. ऊन आहे, गाड्यांची ये-जा आहे, सुट्टीवर निघालेली कुटुंबं आहेत. ती काहीतरी प्यायला आणते म्हणून आत जाते आणि परत येत नाही. भूत नाही, कुऱ्हाड नाही, किंकाळीसुद्धा नाही. तो पुढची तीन वर्षं तिला शोधत राहतो. शेवट सांगत नाही. पाहिला नसेल तर झोपायच्या आधी पाहू नका एवढंच.

अंधाऱ्या, निर्मनुष्य बोगद्यात ती सुखरूप राहिली आणि उजेडातल्या गर्दीत हरवली. इथेच त्या ठरावीक उत्तराची हवा निघते.

माझं म्हणणं असं की रस्त्यावरच्या भयपटातली भीती थांब्यावर असते. चालती गाडी माणसाला एक भ्रम देते: आपण कुणाचे मिंधे नाही. काच वर केली की बाहेरची धूळ, ऊन, माणसं यांचं चित्र होतं, आणि चित्राला घाबरायचं कारण नसतं. पण टाकीला तळ असतो, टायर रबराचा असतो आणि पोटाला काही अंतरानंतर विश्रांती लागते. दर तीन-चार तासांनी या स्वयंपूर्ण माणसाला काच खाली करून एका अनोळखी माणसाकडे काहीतरी मागावं लागतं. पेट्रोल, पाणी, पाना, पत्ता, संडास. ज्याच्याकडे मागायचं तो तिथला असतो. आपण त्या क्षणी कुठलेच नसतो. त्याला आपल्याबद्दल गाडीच्या नंबरवरून बरंच काही कळतं, आपल्याला त्याच्याबद्दल काहीच नाही. भयपट शिरतो तो या फटीतून.

घरातल्या भयपटाची एक जुनी अडचण आहे. निम्मं थिएटर मनात ओरडत असतं, ‘अहो, निघा ना तिथून!’ मग लेखकाला पाऊस पाडावा लागतो, दारं अडकवावी लागतात, कर्ज नाहीतर वारसा मध्ये आणावा लागतो. रस्त्यावर ही अडचणच नाही. ते बिचारे निघालेलेच आहेत.

हिचकॉकचा ‘सायको’ (१९६०) आपण मोटेलच्या न्हाणीघरातल्या खुनासाठी लक्षात ठेवलाय, पण त्याआधीचा बराचसा भाग चक्क गाडीचा सिनेमा आहे. फिनिक्स शहरातल्या कचेरीतून चाळीस हजार डॉलर घेऊन मॅरियन पळते, कॅलिफोर्नियातल्या प्रियकराकडे. रात्री डोळे मिटायला लागतात म्हणून ती रस्त्याच्या कडेला गाडी लावून झोपते. सकाळी काचेवर टकटक. काळ्या चष्म्याचा पोलीस. तो तिला छळत नाही, उलट काळजीने सांगतो की या भागात मोटेलं भरपूर आहेत, गाडीत झोपण्यापेक्षा तिथे उतरायचं, सुरक्षित असतं. पुढचं माहीत असलेल्या माणसाने हे वाक्य पुन्हा ऐकून बघावं. दुसऱ्या रात्री पावसात मॅरियनचा मुख्य रस्ता सुटतो आणि ती तो सल्ला ऐकते.

मोटेलचा मालक नॉर्मन बेट्स सांगतो, बारा खोल्या आहेत आणि बाराही रिकाम्या. का? तर हायवे दुसरीकडून नेला. आता चुकलेल्याशिवाय इथे कुणी येत नाही. तरीही आपण दिवे लावत राहायचं, नेम पाळत राहायचा, असं तो म्हणतो. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा हे बोलणं सहज निसटलं होतं. आता मला त्या चित्रपटाचा कणा तिथेच दिसतो. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या काळात १९५६ साली अमेरिकेने आंतरराज्य महामार्गांचा कायदा केला. ४१,००० मैलांचे, गावांना वळसा घालून जाणारे, मोजक्याच ठिकाणी उतरता येणारे रस्ते. जुन्या रस्त्यांवरची खाणावळी, पंप, छोटी मोटेलं पुढच्या वर्षांत एकामागून एक सुकत गेली. ‘सायको’ आला तेव्हा त्या कायद्याला जेमतेम चार वर्षं झाली होती. रस्ता हलला आणि एक माणूस आईच्या सावलीत त्या ओसाड जागी मागे राहिला. त्याचं डोकं रस्त्याने बिघडवलं असं मी म्हणत नाही. पण मॅरियनला त्याच्या दारात आणून सोडलं ते या हललेल्या रस्त्यानेच.

टोबी हूपरचा ‘द टेक्सास चेनसॉ मॅसकर’ (१९७४) आठवून पाहा. लोकांना त्यातला करवतीचा आवाज आठवतो, मला पेट्रोल आठवतं. पाच तरुण व्हॅनमधून निघालेत. पंपावरचा माणूस सांगतो, टाकी कोरडी आहे, टँकर येईपर्यंत पेट्रोल नाही. पुढे त्यांच्यातला एक जण जनरेटरचा आवाज ऐकून शेजारच्या घराकडे जातो, कारण जिथे जनरेटर तिथे पेट्रोल. तो फक्त मागायला जातो. त्याआधी त्यांनी लिफ्ट दिलेला विक्षिप्त पोरगा कत्तलखान्याबद्दल बोललेला असतो: पूर्वी घणाने जनावर मारायचे ते बरं होतं, नव्या यंत्राने माणसांची कामं गेली. म्हणजे ज्या घरात ही पोरं सापडतात, ते बेकार झालेल्या खाटकांचं घर आहे. हात शिवशिवताहेत, कसब अंगात आहे, आणि काम यंत्राने नेलंय. त्यात एक विचित्र योगायोग. चित्रीकरण १९७३ च्या उन्हाळ्यात झालं. ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेल रोखलं. वर्षभराने चित्रपट झळकला तेव्हा प्रेक्षकाने पंपावरच्या रांगा आणि ‘पेट्रोल नाही’च्या पाट्या स्वतः अनुभवल्या होत्या. टाकी रिकामी असणं म्हणजे काय, हे त्याला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

यावर कुणी म्हणेल, स्पिलबर्गच्या ‘ड्यूएल’चं काय? १९७१ मध्ये टीव्हीसाठी केलेल्या त्या चित्रपटात तर एक जुनाट ट्रक एका साध्या नोकरदाराच्या लाल गाडीमागे लागतो आणि सगळा थरार धावण्याचाच आहे. खरं आहे. पण त्यातला जीव घशाशी आणणारा प्रसंग एका हॉटेलात आहे. बाहेर ट्रक उभा. आत काउंटरवर चार-सहा माणसं खातायत. ड्रायव्हरचा चेहरा याने पाहिलेलाच नाही, फक्त बूट पाहिलेत, आणि इथे बऱ्याच जणांच्या पायात तसलेच बूट. हा बिचारा सँडविच समोर घेऊन एकेकाच्या पायांकडे बघतो. ट्रक मागे असताना शत्रू कोण हे त्याला पक्कं माहीत होतं. थांबल्यावर समोरचा कुणीही शत्रू असू शकतो.

थोडं कॅमेऱ्याचंही श्रेय मान्य केलं पाहिजे. गाडीची पुढची काच हा आयता पडदा आहे आणि आरसा म्हणजे पडद्यात पडदा. रात्रीचं गणित तर दिग्दर्शकाला फुकट मिळतं. ताशी ८० किलोमीटरने गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. ब्रेक मारून थांबायला पन्नासेक मीटर लागतात, आणि खालच्या बीमचा उजेड साधारण तेवढाच पडतो. म्हणजे समोर काय आहे ते दिसेपर्यंत आपण जवळजवळ त्याच्यावर पोचलेलो असतो. आपण अंधारात गाडी चालवत नाही, अंधार संपेल या विश्वासावर चालवतो.

हे सगळं पुस्तकी वाटू नये म्हणून एक घडलेली गोष्ट. कॉलेज संपून दोन-तीन वर्षं झाली होती. आम्ही चौघं मित्र, एकाच्या काकांची मारुती एट हंड्रेड, आणि गणपतीनंतरचा पाऊस. कशेडी घाट उतरून भरणे नाक्याच्या अलीकडे रात्री साडेबारा-एकला मागचा टायर बसला. घाटात सगळ्यांनी हौसेने भुतांच्या गोष्टी सांगून झालेल्या. कशेडीच्या गोष्टी कोकणात जाणाऱ्या कुणाला माहीत नाहीत? स्टेपनी निघाली, पण जॅकचा दांडा घरी. तेवढ्यात झाडीतून बॅटरीचा उजेड हलत हलत आमच्याकडे यायला लागला. आम्ही चौघे निमूट गाडीत बसलो आणि काचा वर केल्या. काकांच्या गाडीची एक काच पूर्ण वर जायची नाही, ती आम्ही हाताने ओढून धरली.

तो माणूस वीस-पंचवीस फुटांवर थांबला. पुढे येईना. आम्ही बघतोय हे त्याच्या लक्षात आलं असावं. आपण माणूस आहोत हे पटावं म्हणून त्याने बॅटरी स्वतःच्याच तोंडावर मारली. खालून. त्या उजेडात तो जो काही दिसला तो मी आजही विसरलेलो नाही. माझ्या शेजारच्याने रामरक्षा सुरू केली, तीही मधूनच. मग त्या माणसाला काय वाटलं कोण जाणे, त्याने बॅटरी खाली पायांवर नेली आणि ओरडून म्हणाला, ‘‘बगा, पाय सरळच हायत माजे!’’

दांडा त्याच्याकडे नव्हता, पण दगड आणि फळी लावून गाडी कशी उचलायची ते त्याला माहीत होतं. वळणावर गाडी लावू नका, ट्रकवाला उडवील, एवढं तीनदा बजावलं. पैसे घेतले नाहीत, दोन सिगरेटी घेतल्या. जाताना म्हणाला, मागे एकदा असाच मदतीला आलो तर गाडीतल्यांनी घाबरून पाना फेकून मारला होता, म्हणून आता लांबच उभा राहतो.

म्हणजे ती रात्र दोन्ही बाजूंनी भयपट होती. फरक एवढाच की आमच्या बाजूची गोष्ट सांगायला आम्ही चौघे होतो आणि शहरात ऐकायला माणसं होती.

या चित्रपटप्रकाराबद्दलची माझी खरी तक्रार इथे सुरू होते. भीती कुठून येते हे त्याला अचूक कळलंय, पण ती कुणाची हे तो बहुतेक वेळा एकाच बाजूने ठरवतो. गाडीतला माणूस आपला, रस्त्याकडेचा राक्षस. वेस क्रेव्हनच्या ‘द हिल्स हॅव आईज’ (१९७७) मध्ये लष्कराच्या चाचणीक्षेत्रालगतच्या वाळवंटात राहणारी रानटी टोळी आहे. ती तशी का झाली याचे धागे दिग्दर्शक दाखवतो. त्याच्या नंतरच्या असंख्य नकलांनी धागे टाकून दिले आणि टोळी ठेवली. दात पडलेला, मळका, अडाणी गावकरी हाच मग भीतीचा पुरावा झाला. गरिबी पाहून अंगावर काटा यावा, असं प्रेक्षकाला शिकवलं गेलं. हे नुसतं अन्यायाचं नाही, आळशीपणाचंही आहे. कारण आधी सांगितलेल्या चित्रपटांचा दरारा त्यातल्या खुन्यांच्या ओंगळपणात नव्हता. नॉर्मन बेट्स तर नीटनेटका, लाजरा, आणि पाहुणीला आग्रहाने सँडविच-दूध देणारा मुलगा आहे.

अमेरिकेतच रस्त्याच्या भीतीचा एक खराखुरा दस्तऐवज आहे, आणि तो चित्रपट नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या व्हिक्टर ग्रीन या पोस्टमनने १९३६ पासून कृष्णवर्णीय वाहनचालकांसाठी एक मार्गदर्शिका काढली. ‘ग्रीन बुक’ नावाने ती साठच्या दशकापर्यंत निघत राहिली. कुठल्या गावात खोली मिळेल, कुठे जेवण, कुठे गाडी दुरुस्त होईल, याची यादी. फक्त थांब्यांची यादी! त्या काळी अमेरिकेत अशी गावं होती जिथे सूर्य मावळल्यावर काळ्या माणसाने दिसायचं नाही. गाडी विकत घेता येत होती, रस्ता सगळ्यांचा होता. थांबायचं कुठे, हा जिवाचा प्रश्न होता. गोऱ्या पोरांच्या व्हॅनला कॅमेरा लावून जे दाखवलं गेलं, ते दुसऱ्या कुणी पिढ्यानपिढ्या पंपावर उतरताना भोगलेलं होतं. आपल्याकडे बाईमाणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. ढाब्यावर गाडी लावायच्या आधी किती बायका बसल्यात, संडास मागे आहे की पुढे, दिवा आहे का, हे ती एका नजरेत मोजते. नवरा तेव्हा मेनू वाचत असतो.

म्हणूनच हिंदीतला ‘एनएच १०’ (२०१५) मला महत्त्वाचा वाटतो, त्यातल्या भडकपणासकट. गुडगावचं एक कमावतं जोडपं सुट्टीला निघतं, ढाब्यावर थांबतं आणि पळून लग्न केलेल्या एका मुला-मुलीला तिच्याच घरचे फरपटत नेताना पाहतं. नवऱ्याचा शहरी अहंकार दुखावतो आणि तो मध्ये पडतो. पुढे एक पोलीस त्यातल्या बायकोला, मीराला ऐकवतो की जिथे शेवटचा मॉल संपतो तिथे तुमची लोकशाहीही संपते. हे हवेतून आलेलं नाही. २००७ साली हरियाणात एका नवविवाहित जोडप्याला बसमधून उतरवून नेऊन असंच मारलं गेलं, आणि २०१० मध्ये न्यायालयाने मुलीच्या नातेवाइकांना शिक्षा सुनावल्या. चित्रपटातली अनुष्का शर्माची मीरा ज्या रस्त्यावर अडकते तो तिच्याच राज्याचा, तिच्याच भाषेचा आहे. घरापासून काही तासांवर ती परदेशात पोचलीय. गावाला सरसकट रानटी रंगवलं हा आक्षेप मी नाकारत नाही. पण निदान राक्षस कुठल्या मातीत उगवला ते इथे नाव घेऊन सांगितलंय.

आता भुतांकडे वळतो, कारण ती सोडली तर मराठी वाचक मला सोडणार नाही. पांढऱ्या साडीतली बाई गाडीला हात करते, मागच्या सीटवर बसते, आणि थोड्या वेळाने वळून बघावं तर सीट रिकामी. प्रत्येक घाटाला वाटतं ही आपलीच आहे. १९४२ साली बिअर्ड्सली आणि हँकी या दोन अभ्यासकांनी अमेरिकेत या एकाच कथेची ७९ रूपं जमवली होती. त्यातल्या काही जुन्या रूपांत मोटारीऐवजी घोडागाडी आहे. बाई तीच, वाहन बदललं. राज खोसलांच्या ‘वह कौन थी?’ (१९६४) ची सुरुवात याच कथेची आपल्याकडची सर्वांत देखणी मांडणी असावी. पाऊस, वायपर बंद पडलेत, डॉक्टरला पुढचं काही दिसत नाही, आणि शेजारी बसलेली साधना मात्र रस्ता सांगतेय. तिला उतरायचंय कब्रस्तानाशी.

ही भुताची बाई बहुतेक वेळा अपघातात गेलेली असते, हे ध्यानात घ्या. भारत सरकारच्या आकडेवारीप्रमाणे एकट्या २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. दिवसाला साडेचारशेहून जास्त. वर्तमानपत्रात दोन ओळी येतात, काचा झाडून बाजूला केल्या जातात, आणि गाड्या पुढे जातात. घाटातली ती बाई म्हणजे या न थांबणाऱ्या गाड्यांना केलेला हात आहे, असं मला वाटतं. तिची मागणी काय असते? थांबा.

थांबण्यातला धोका आपल्या इतिहासालाही ठाऊक होता. ठगांबद्दल इंग्रजांनी किती खरं लिहिलं आणि किती फुगवलं यावर इतिहासकार भांडतात, ते भांडू देत. पण १८३०च्या दशकात स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याच्या ठगविरोधी मोहिमेत नोंदवलेल्या जबान्यांमधली पद्धत विलक्षण आहे. ते धावून येत नसत. ते सोबत करत. एकट्या-दुकट्या प्रवाशाला वाटमाऱ्यांचीच भीती घालायची, आपल्या जथ्यात घ्यायचं, दिवसेंदिवस बरोबर चालायचं, आणि मुक्कामाला सगळे सैलावून बसले की इशारा करायचा. तो इशारा तरी काय? ‘तमाखू लाओ.’ आपल्या गावाकडच्या गोष्टींतलं भूतही रात्री आडवाटेला विडी-तंबाखूच मागतं. या दोन्हींचा संबंध आहे असा माझा दावा नाही, पण तंबाखू मागणारा अनोळखी माणूस ही आपल्या भीतीची मूळ आकृती असावी एवढं नक्की.

मराठीत रस्त्यावरचा भयपट करायचा तर कच्चा माल कुठे शोधायचा, याचं माझं उत्तर बोरघाटात आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खोपोलीहून घाट चढताना शिंग्रोबाचं देऊळ लागतं. दंतकथा अशी: इंग्रजांना सह्याद्रीतून वर जायला वाट सापडत नव्हती. एका धनगराने आपल्या गुरांच्या पायवाटेवरून ती दाखवली. वाट कळली आणि इंग्रजांनी त्यालाच मारलं. आज ड्रायव्हर तिथे हात जोडतात, कुणी खिडकीतून नाणं टाकतात, आणि पुढे जातात. ही गोष्ट खरी की खोटी हे बाजूला ठेवा. तिचा सांगाडा बघा. रस्त्याला तिथल्या माणसाचं ज्ञान हवं होतं, ते घेतलं, माणूस संपवला. आता त्याच्यावरून जाणारा प्रत्येक जण न थांबता एक नाणं फेकून हिशेब चुकता करतो. नॉर्मन बेट्सच्या मोटेलाची गोष्ट यापेक्षा निराळी काय आहे? फक्त आम्ही त्याला देव केलं, म्हणून त्याचा राग दिसेनासा झाला. नाणं टाकायचं राहून गेलेली एक गाडी, एवढ्यावर मी तिकीट काढीन.

उलट बाजूला आपल्याकडे रस्ता राखणारेही आहेत. वेंगुर्ल्याजवळ आरवलीच्या वेतोबाला भक्त भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. तो रात्री गावाभोवती फिरतो, त्याची पायताणं झिजतात. पायी फिरणारा देव आहे तो. ताशी १२० च्या वेगाला कसा पुरा पडायचा?

कारण नवे रस्ते थांबेच पुसून टाकायला निघालेत. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. नागपूर ते शिर्डी हा पहिला ५२० किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, शेवटचा जून २०२५ मध्ये. गावं दोन्ही बाजूंना दिसतात, पण हात लावता येत नाही, टीव्हीतल्यासारखी. टोलनाक्यावर काच खाली करून एका माणसाशी बोलावं लागायचं, तेही २०२१ पासून फास्टॅगने संपवलं. वाटाड्याची जागा फोनमधल्या निळ्या ठिपक्याने घेतली. चकवा मात्र गेला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ नकाशावर विसंबून निघालेली एक गाडी अर्धवट पुलावरून नदीत कोसळली आणि तिघे गेले. पुढे पूल नाही हे त्या भागातल्या कुठल्याही माणसाने सांगितलं असतं. विचारायला थांबावं लागलं असतं.

कशेडीला आता बोगदा झालाय. पाऊण तासाचा घाट काही मिनिटांत संपतो. मागच्या वर्षी मी मुद्दाम जुन्या घाटाने गाडी घातली, बायको-मुलगी बरोबर होत्या. संध्याकाळ उतरत होती. एका वळणावर टपरी दिसली, पत्र्यावर शेवाळ, बाकडं रिकामं, ट्यूबलाइट मात्र चालू. गाडीचा आवाज ऐकून आतला माणूस बाहेर आला आणि उभा राहिला. मी वेग कमी केला. मागून मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, इथं नको ना.’’ फोनवर दाखवत होतं की पुढे अठरा किलोमीटरवर चांगलं हॉटेल आहे.